तारामतीपासून वागळेंपर्यंत : दुर्गा खोटे यांचं कमावतं आयुष्य

सालमिया, अब्बासिया, मंगफ, फहाहील, जिथून कुठून ऐकत असाल तिथे चहाचा कप हातात असेल असं मी धरून चालतो.

आजचा विषय आमच्या घरातल्या एका वादातून निघाला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ती जेवताना फोनवर 'वागले की दुनिया' बघते. ही नवी मालिका, २०२१ साली सुरू झालेली. मी सहज म्हणालो, "अगं, ही आमची मालिका. आम्ही लहानपणी दूरदर्शनवर बघायचो. तुझ्या मालिकेतले आजी-आजोबा आमच्या वेळचे नवरा-बायको होते." तिला पटेना. मग अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांचे जुने फोटो दाखवले, तेव्हा पटलं. पण पुढचा प्रश्न आलाच. "मग जुनी मालिका बनवली कोणी?"

मी म्हणालो, "आर. के. लक्ष्मण."

"ते तर व्यंगचित्रकार ना? त्यांचं पात्र असेल. मालिका कोणी बनवली?"

मी माझ्या क्लायंटना रोज सांगतो की कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा. आणि इथे मलाच तळाचं नाव ठाऊक नव्हतं. शोधलं. नाव निघालं : दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स.

मी म्हटलं, "दुर्गा खोटे म्हणजे 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आणि 'बिदाई'तली आई. आणि 'अयोध्येचा राजा'मधली तारामती. एकच बाई."

१९३२ची तारामती आणि १९८८ची 'वागले की दुनिया' यांच्यामध्ये छप्पन्न वर्षं आहेत. माझ्या धंद्यात एखादं तंत्रज्ञान पाच वर्षं टिकलं तरी आम्ही पार्टी करतो. म्हणून ठरवलं की आज या बाईंच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा. नटी म्हणून त्या मोठ्या होत्याच, ते सगळेच सांगतात. मला आज सांगायचंय ते त्यांच्या कमाईबद्दल. घराला पैशांची गरज पडली म्हणून त्या कामाला लागल्या, आणि पन्नासहून जास्त वर्षं काम करत राहिल्या. हे कसं जमलं, ते बघू.

घर

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५चा. माहेरचं आडनाव लाड. कुटुंब मूळ गोव्याकडचं, घरात कोकणी बोलली जायची आणि राहणं मुंबईत. मोठं, खातंपितं, शिकलेलं घर. त्या काळी मुलींना लिहिता-वाचता आलं तरी पुरे असं मानणारी घरं भरपूर होती. दुर्गाबाई मात्र मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या. शिकत असतानाच त्यांचं लग्न झालं आणि त्या खोट्यांच्या घरी आल्या. सासरही श्रीमंत. पती विश्वनाथ खोटे बनारस हिंदू विद्यापीठातून शिकलेले मेकॅनिकल इंजिनियर. बकुल आणि हरिन ही दोन मुलं.

इथवर कागदावर सगळं ठीक दिसतं. दोन्हीकडे पैसा, दोन्हीकडे प्रतिष्ठा, नवरा इंजिनियर. आज स्थळं जुळवणाऱ्या संकेतस्थळावर असं स्थळ आलं तर आपण दुसरं पान उघडणार नाही.

मग सासरची आर्थिक घडी विस्कटली. मोठ्या घराचा पैसा जातो तेव्हा खर्च आणि लोकांच्या अपेक्षा मात्र जागच्या जागी राहतात. दुर्गाबाईंना तरुण वयातच वैधव्यही आलं. दोन लहान मुलं वाढवायची होती. हाताशी होतं कॉलेजातलं शिक्षण, उत्तम इंग्रजी, मराठी, आणि देखणं, भारदस्त रूप. पंचविशी ओलांडलेल्या बाईपुढे प्रश्न साधा होता : यातलं बाजारात काय चालेल?

त्या वेळचा बाजार

उत्तर समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यातली तारामती होती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलेली. साळुंके एका खाणावळीत आचारी होते. फाळक्यांनी बाईसाठी खूप शोध घेतला, पण पडद्यावर यायला कुणी बाई तयार होईना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासूर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. ही कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, अभिनेते विक्रम गोखले यांच्या आजी. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, पदरात मुलगी होती आणि पोटासाठी नाटक कंपनीत आल्या होत्या.

हे मुद्दाम सांगतोय. दुर्गा खोटे यांच्याबद्दल 'सिनेमात आलेली चांगल्या घरची पहिली बाई' असं वाक्य सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. त्यांच्या आधी दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई होत्या. गाणं-बजावणं हाच ज्यांच्या घरचा व्यवसाय होता अशा अनेक स्त्रियाही होत्या, आणि मूकपटांचा डोलारा बराचसा त्यांनीच उचलला. त्यांना 'चांगल्या घरच्या नाहीत' म्हणून यादीतून वगळणं हा हिशेबातला खोटेपणा झाला. खोटे यांचं वेगळेपण असं की समाजात ज्यांच्या नावाला वजन होतं अशा दोन घराण्यांची नावं घेऊन त्या आल्या, आणि ती नावं लपवली नाहीत.

दुसरी गोष्ट तंत्रज्ञानाची. १९३१ साली भारतात बोलपट आला. मूकपटात चेहरा पुरत होता, बोलपटाला भाषा लागली. मूकपटांची मोठी तारका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिला हिंदुस्तानी नीट येत नव्हती. ती शिकायला तिला काम थांबवावं लागलं. जिची वाणी शुद्ध, जी पाठांतर करू शकते, जी गाऊ शकते, अशा बाईची बाजारातली किंमत अचानक वाढली. माझ्या धंद्यात आम्ही याला प्लॅटफॉर्म बदलणं म्हणतो. जुने वाकबगार लोक रातोरात अडचणीत येतात आणि कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं असं कौशल्य मोलाचं होतं. दुर्गाबाईंचं शिक्षण आणि भाषा नेमकी त्या वेळी कामाला आली.

पहिला डाव फसला

सुरुवात मात्र वाईट झाली. १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली. चित्रपट पडला. तो कोणत्या प्रकारचा आहे, आपलं नाव त्यात कसं वापरलं जाणार आहे, याची त्यांना पुरती कल्पना नव्हती. बोलणी बसली ती त्यांना आणि दोन्ही घरांना.

इथे मला थांबावंसं वाटतं. पहिल्या कामात तोंडावर आपटल्यावर, लोक नावं ठेवत असताना, घरी बसणं अगदी सोपं होतं. ते कुणालाही समजलं असतं. पण मुलांचा खर्च काही थांबणार नव्हता.

त्या कामातून एक गोष्ट चांगली निघाली. व्ही. शांताराम यांच्या नजरेत त्या आल्या. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली स्थापन झाली होती आणि आता तिला आपला पहिला बोलपट काढायचा होता. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. नाव 'अयोध्येचा राजा'. तारामतीसाठी शांतारामांनी दुर्गाबाईंना बोलावलं.

तारामती

'अयोध्येचा राजा' १९३२ साली पडद्यावर आला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. आज जे मराठी बोलपट उपलब्ध आहेत त्यांतला हा सर्वांत जुना मानला जातो. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तो काढला गेला.

तो कसा काढला हे मुलांना जरूर सांगा, त्यांना गंमत वाटते. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, ते आपल्याकडे १९३५च्या सुमारास आलं. म्हणजे जी नटी दिसते तीच गाते, आणि कॅमेरा चालू असतानाच गाते. वाजवणारे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसलेले. मध्येच कुणी खोकलं, बाहेर कुत्रं भुंकलं, की सगळं पहिल्यापासून. आणि एक प्रसंग मराठीत झाला की तोच पुन्हा हिंदीत करायचा. म्हणजे एका पगारात दोन चित्रपटांचं पाठांतर.

आता गोष्ट आठवा. हरिश्चंद्र राज्य देऊन बसतो. राणी तारामती विकली जाते आणि परक्या घरी दासी म्हणून राबते, मुलाला पोटाशी धरून. एकोणीस वर्षांपूर्वी हीच भूमिका एका आचाऱ्याने केली होती. आता ती करत होती श्रीमंती जवळून पाहिलेली आणि ती गेलेलीही पाहिलेली एक आई. प्रेक्षकांना हे ठाऊक असो वा नसो, चित्रपट चालला आणि 'फरेबी जाल' लोक विसरले. त्याच वर्षी प्रभातच्याच 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या राणी झाल्या, आणि त्यात पायाशी खराखुरा चित्ता.

नोकरी नको, काम द्या

आता मला सर्वांत जास्त भावलेला भाग. त्या काळी स्टुडिओ पद्धत होती. प्रभात, न्यू थिएटर्स अशा कंपन्यांमध्ये नट, नटी, सुतार, शिंपी, संगीतकार सगळे पगारावर असायचे. महिन्याला ठरलेली रक्कम मिळे, मात्र दुसरीकडे काम करायची मुभा नसे. आपल्याला इथे ही रचना समजावून सांगायची गरज नाही. ज्याच्या नावावर आपला इकामा, त्याच्याकडेच आपलं काम.

अशा पगारात सुरक्षितता होती, आणि दोन मुलांच्या आईने ती घेतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. दुर्गाबाईंनी मात्र स्वतःला एका कंपनीशी बांधून घेतलं नाही. प्रभातशी त्यांचे संबंध जवळचे राहिले, पण त्यांनी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'राजरानी मीरा' केला, १९३३ साली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्याच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी 'सीता', समोर पृथ्वीराज कपूर. हा 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. १९३६ साली पुन्हा प्रभातकडे 'अमर ज्योती'. नंतर मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सकडे 'भरत मिलाप'. ज्या काळात मुंबई ते कलकत्ता म्हणजे रेल्वेत दीड-दोन दिवस काढायचे, त्या काळात ही बाई कामाप्रमाणे गावं बदलत होती. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भारतातल्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते.

मी स्वतः कन्सल्टंट आहे. कंत्राटावर काम करतो. म्हणून मला ठाऊक आहे की याचा अर्थ काय. प्रत्येक कामाचा भाव नव्याने ठरवायचा. दोन कामांच्या मध्ये जो रिकामा महिना येतो त्याची तजवीज आधीच्या महिन्यात करायची. वाईट काम नाकारण्याची मोकळीक असते, पण चांगलं काम आपल्याला शोधत येईल याची हमी नसते. १९३० च्या दशकात एका बाईने हा धोका जाणूनबुजून घेतला, आणि तो झेपवला.

भूमिकाही बघा. 'अमर ज्योती'तली सौदामिनी ही समुद्रावरची लुटारू. कायदा तिच्या मुलावरचा तिचा हक्क मान्य करत नाही, म्हणून ती बंड करते. आईच्या हक्काचा हा प्रश्न १९३६ साली मांडला गेला, हे लक्षात घ्या. पुढे आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त, १९४१ साली, त्या सुनेचा छळ करणारी सासू झाल्या. १९४२च्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. नायिका म्हणून नाव झालेलं असताना खाष्ट सासू आणि कैकेयी स्वीकारणं म्हणजे लोकांच्या शिव्या खायची तयारी ठेवणं. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी त्यांना पुरस्कार दिले. त्या निर्मितीतही उतरल्या. १९३७च्या 'साथी'शी त्यांचं निर्माती म्हणून नाव जोडलेलं आहे.

वय झालं, मग पुढे?

नटीचं वय हा सिनेमातला सगळ्यात निर्दय हिशेब. पुरुष पन्नाशीत नायक असतो, बाई पस्तिशीत वहिनी होते. दुर्गाबाईंनी हा बदल वेळेआधी ओळखला. तरुण दिसण्याची धडपड न करता त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या आणि त्या भूमिकांना त्यांनी वजन आणलं. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये एकीकडे बादशहा नवरा आणि दुसरीकडे बंडखोर मुलगा, यांच्यामध्ये उभी असलेली जोधाबाई आठवा. पुढे 'आनंद', 'अभिमान', 'बॉबी'. १९७४च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. १९८० च्या 'कर्ज'मध्ये मुलाची वाट बघणारी आई, तेव्हा पंचाहत्तरीच्या.

मराठी रंगभूमीही त्यांनी सोडली नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्या उभ्या राहिल्या. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'वरून वि. वा. शिरवाडकर यांनी लिहिलेल्या 'राजमुकुट'मधली त्यांची भूमिका जुने प्रेक्षक अजून सांगतात. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ साली पद्मश्री. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या शांतारामांनी त्यांना तारामती केलं, त्यांना तोच पुरस्कार दोन वर्षांनंतरचा, १९८५चा. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्या नावाचा पुरस्कार अखेर तारामतीला मिळाला.

आणि याच्या जोडीला एक शांतपणे चालणारा उद्योग होता. आधी फॅक्ट फिल्म्स आणि मग दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. लघुपट, माहितीपट, जाहिराती. तिथे टाळ्या नाहीत आणि प्रेक्षक नाव विचारत नाहीत. पण गिऱ्हाईक ठरलेलं, मुदत ठरलेली, पैसे ठरलेले. चित्रपटातल्या भूमिका कमी-जास्त झाल्या तरी हे काम चालू राहतं, आणि हाताखालची माणसं तयार होतात.

त्यामुळे टीव्ही आला तेव्हा हे घर तयार होतं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, मालिकांची लाट १९८४च्या 'हम लोग'नंतर आली. १९८८ साली 'वागले की दुनिया' आली. दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, पात्रं आर. के. लक्ष्मण यांची. एका एपिसोडमध्ये नवखा शाहरुख खानही दिसतो. दुर्गाबाई तेव्हा ८३ वर्षांच्या. रोजची धावपळ अर्थातच तरुणांनी केली. पण ज्या कंपनीने ती मालिका उभी केली ती त्यांनी जाहिराती आणि लघुपट करून घडवलेली होती.

शेवटची वर्षं त्यांनी अलिबागला काढली. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. शांता गोखले यांनी ते इंग्रजीत आणलंय, तेव्हा ज्या मुलांना मराठी वाचायला जड जातं त्यांनाही देता येईल. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. २०१३ साली भारतीय सिनेमाच्या शंभरीला टपाल खात्याने जी तिकिटं काढली त्यांत त्यांचंही एक आहे.

आपल्या घरात

आता हे सगळं मी जहरात बसून तुम्हाला का सांगतोय?

तीन वर्षांपूर्वी माझं एक कंत्राट संपलं आणि नव्याने केलं गेलं नाही. पुढचं मिळायला चार महिने लागले. इथे राहणाऱ्या कुणालाही त्या चार महिन्यांचा अर्थ सांगायला नको. माझा इकामा गेला की बायकोचा जातो, मुलीचा जातो, शाळा जाते, घर जातं. संध्याकाळी मी गाडी काढून मुतलाच्या टेकडीपर्यंत जायचो आणि परत यायचो, घरी कुणाला तोंड दाखवायला नको म्हणून. एके रात्री जमाखर्च मांडायला बसलो. दिनारमध्ये किती, रुपयांत किती, किती दिवस पुरेल. बायको शेजारी येऊन बसली. तिने कागद बघितला आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?"

मी म्हणालो, "खर्चात."

जीभ चावली, पण शब्द गेलेला होता. माझी बायको रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ज्युनियर कॉलेजात शिकवत होती. माझ्यामागून कुटुंबाच्या व्हिसावर, बावीस नंबरवर, ती इथे आली आणि अकरा वर्षांत तिला काम करायचंय का हे मी एकदाही गंभीरपणे विचारलं नव्हतं. माझ्याकडे एमबीए आहे. घरातली सगळी मिळकत एकाच माणसावर टांगून ठेवू नये, हे मी दुसऱ्यांना पैसे घेऊन सांगतो.

म्हणून दुर्गाबाईंची गोष्ट मला अशी लागली. खोट्यांच्या घरीही कुणी तरी कधी तरी हिशेब मांडला असेल, आणि त्यात सुनेचं नाव खर्चाच्याच बाजूला असेल.

या कार्यक्रमाचा कच्चा मसुदा मी बायकोला वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की परिस्थितीमुळे दुर्गाबाईंना आयुष्यभर काम करावं लागलं. तिने मला तिथेच थांबवलं. म्हणाली, "सुरुवातीला करावं लागलं, हे खरं. पण सत्तरीत 'बिदाई' केला तो काय मुलांच्या फीसाठी? पोरं केव्हाची मोठी झाली होती. त्यांना ते आवडत होतं. हे तू कुठेच लिहिलं नाहीस."

तिचं म्हणणं मी मान्य केलं आणि मसुदा बदलला. गरजेने माणूस कामाला लागतं. पण पन्नास वर्षं टिकायला आवड लागते, शिस्त लागते, आणि वेळ आली की भूमिका बदलण्याची तयारी लागते. आपल्याकडे बाईच्या कामाचं कौतुक करतानाही आपण 'बिचारीवर वेळ आली' असं म्हणतो. वेळ येते आणि निघून जाते, काम मागे राहतं. ते आपल्याला आवडतं असं म्हणायची मुभा बाईला असली पाहिजे, घरावर संकट नसतानाही.

आता आमच्या घरी काय चाललंय म्हणाल, तर बी.एड. झालं. प्रमाणपत्रांवर शिक्के मारून घ्यायचं चाललंय, आणि तो सोपस्कार किती लांबतो ते तुम्ही जाणताच. व्हिसा बदलायचा प्रश्न अजून पुढे आहे. जमेल, न जमेल. पण घरच्या हिशेबाच्या कागदावर तिचं नाव आता दुसऱ्या रकान्यात आहे.

जाता जाता एक सुचवतो. या सुट्टीत मुलांना घेऊन बसा. आधी 'अयोध्येचा राजा'मधला निदान अर्धा तास बघा. मुलांना तो संथ वाटेल, आवाज खरखरेल, पण त्यांना आठवण करून द्या की ती बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहून स्वतः गातेय. मग 'मुघल-ए-आझम'मधले जोधाबाईंचे प्रसंग. मग 'बिदाई'. आणि शेवटी जुन्या 'वागले की दुनिया'चा एखादा एपिसोड. चार संध्याकाळी पुरतील. आमच्या घरी मुलगी आता मालिका संपल्यावर लगेच पुढचा एपिसोड लावत नाही, शेवटची नावं वाचते.

तुमच्या घरात, तुमच्या आई-आजीच्या पिढीत अशी कुणी असेल, जिने वेळ आल्यावर काम धरलं आणि मग ते सोडलं नाही, तर तिच्याबद्दल आम्हाला जरूर सांगा. पुढच्या एका भागात त्या गोष्टी घेऊ.

तोपर्यंत रजा घेतो. उन्हाळा सुरू झालाय, पाणी पीत राहा, आणि दुपारी उगाच बाहेर पडू नका. नमस्कार.